मिठाचा हिशेब: नांदेड आणि लातूरच्या पोटातले पाणी

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटसाठी चिंताजनक म्हणून देशातले पंधरा जिल्हे वेगळे काढले आहेत. त्यांपैकी सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. देशभर तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांत नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेले होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 36 टक्के निघाले.

असे आकडे आले की बोट युरियाकडे जाते. शिवारातल्या विहिरीपुरते ते रास्तही आहे. पण नांदेडचा इतवारा किंवा लातूरच्या गंजगोलाईचा परिसर घ्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांगर फिरलेला नाही. अशा दाट वस्तीखालच्या पाण्यात नायट्रेट सापडले तर ते खतातून आले असे म्हणता येत नाही. ते आपल्याच घरातून खाली उतरलेले असते.

शहर भूजल उपसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी किती फुटांवर गेले, कुणाची बोअर आटली, टँकरचा भाव काय, यावर दर उन्हाळ्यात बोलले जाते. शहर त्याच जमिनीत रोज काहीतरी सोडतही असते, आणि त्याने पाण्याचे रसायन बदलत जाते. या बदलाबद्दल काय ठाऊक आहे आणि नांदेड-लातूरसारख्या शहरांत तो वेगळा का ठरतो, याचा हा आढावा.

खडकाने दिलेले पाणी

दोन्ही शहरे दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसॉल्टवर, वसली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट पाषाणाचा आणि वरचा सच्छिद्र असतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा सापडतो. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी 617 मीटर खोल छिद्र घेतले गेले. तिथे या काळ्या खडकाची जाडी 338 मीटर भरली. त्याखाली गाळाच्या खडकाचा आठेक मीटरचा थर लागला आणि मग ग्रॅनाइटसारखा प्राचीन पाया. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, सांध्यांत, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत साठते. म्हणून एका बोअरला धो धो पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते.

मातीत मुरताना पावसाचे पाणी तिथला कार्बन डायऑक्साइड घेते आणि सौम्य आम्ल बनते. हे आम्ल बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज आणि ऑगाइट या खनिजांना हळूहळू विरघळवते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडे सोडियम आणि सिलिका पाण्यात उतरते. जोडीला बायकार्बोनेट तयार होते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांचाही वाटा मिळतो. मराठवाड्यातले विहिरीचे पाणी जड असते ते यामुळे. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याला पांढरी पुटे चढतात. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला जातो.

या खडकातून नायट्रेट येऊ शकत नाही, कारण बेसॉल्टमध्ये नायट्रोजन जवळपास नसतोच. क्लोराइडही अत्यल्प असते. पावसाबरोबर थोडे क्लोराइड येते, उन्हाने पाणी उडाले की ते काहीसे दाट होते, आणि तिथे गोष्ट संपते. म्हणून शहराखालच्या पाण्यात क्लोराइड आणि नायट्रेट हातात हात घालून वाढलेले दिसले, की त्यामागे माणूस आहे असे समजायला हरकत नाही.

हा तर्क जुना आहे. लंडनमध्ये 1854 साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकी पसरली. जॉन स्नो यांनी रोगाचा माग त्या पंपापर्यंत काढला आणि शेजारच्या मैलाकुंडाने पाणी नासल्याचे पुढे आले. नंतरच्या दशकात एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रोजनवरून त्यात पूर्वी किती सांडपाणी शिरले असेल याचा अंदाज बांधायला सुरुवात केली. पाणी दिसायला नितळ असले तरी नायट्रेट त्याचा इतिहास सांगते, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

एका हेक्टरचा हिशेब

माणूस दिवसाला साधारण आठ-दहा ग्रॅम मीठ खातो आणि जवळजवळ तेवढेच बाहेर टाकतो. मीठ शरीरात साठून राहत नाही, ते कुजत नाही की उडून जात नाही. 2011 च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या सुमारे 3.83 लाख होती आणि नांदेडची सुमारे 5.5 लाख. माणशी आठ ग्रॅम धरले तर लातूरमध्ये दिवसाला तीन टन मीठ येते आणि नांदेडमध्ये साडेचार टनांच्या आसपास. 2011 नंतर वाढलेली वस्ती यात धरलेली नाही. मीठ कोकणातून येवो की गुजरातेतून, त्याचा परतीचा प्रवास नसतो. ते नाल्यातून नदीला जाते किंवा जमिनीत उतरते.

आता एक हेक्टर जमीन आणि त्यावर शंभर माणसे घेऊ. वर्षाकाठी 290 किलोच्या आसपास मीठ, म्हणजे सुमारे 175 किलो क्लोराइड होते. लातूरला वर्षाला 750 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दहावा भाग मुरला असे धरले, तर हेक्टरी साडेसात लाख लिटर पाणी खाली जाते. सगळे क्लोराइड याच पाण्यात मिसळले तर लिटरमागे 230 मिलिग्रॅमच्या वर पोचते. इष्ट मर्यादा 250 ची आहे.

नायट्रोजनचा हिशेब अधिक बोलका आहे. माणूस वर्षाला तीन ते चार किलो नायट्रोजन बाहेर टाकतो, म्हणजे शंभर माणसे तीन-चारशे किलो. त्यातला फक्त दोन-अडीच टक्के नायट्रोजन नायट्रेट होऊन वरच्या साडेसात लाख लिटरांत उतरला, तरी 45 ची रेषा ओलांडली जाते. ही मर्यादा शिथिल करण्याची सोय मानकात नाही.

प्रत्यक्षात गणित इतके सरळ नसते. सांडपाणी आपले स्वतःचे पाणी घेऊन येते. फुटक्या जलवाहिन्यांतून धरणाचे गोडे पाणी झिरपते आणि मीठ पातळ करते. जगातल्या अनेक शहरांत गळक्या नळांनी भूजलाची भर इतकी वाढवली आहे, की सिमेंटखाली गेलेल्या जमिनीची तूट भरून निघावी. पण या दिलाशाला एक अट आहे. शहराला बाहेरून भरपूर पाणी मिळत असले पाहिजे.

मराठवाड्यात नेमके तेच मिळत नाही. आठ-दहा दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात माणूस निम्म्या पाण्यात भागवतो, पण मीठ तेवढेच खातो. सांडपाणी कमी होते आणि दाट होते. नळ नसेल तेव्हा घर बोअरवर चालते. बोअरचे पाणी घरात येते, तिथून शोषखड्ड्यात जाते, मुरून पुन्हा बोअरला मिळते. प्रत्येक फेरीत थोडे पाणी उन्हाने उडते आणि मीठ मागे राहते. दुष्काळाने पाण्याची पातळी खाली जाते, तशी पाण्याची चवही बदलते, ती या फेऱ्यांमुळे.

जडपणातही शहराचा हात

मैल्यातला नायट्रोजन सुरुवातीला अमोनियाच्या रूपात असतो. हवा खेळत्या मुरमात जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल मोकळे होते. ते आम्ल चुनखडीवर आणि खडकावर काम करते, आणि आणखी कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात सुटतात. शिवाय मैला कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यानेही विरघळणे वाढते. म्हणजे वस्तीखालच्या पाण्याचा जडपणा सगळाच जन्मजात नसतो. खडक पूर्वीचाच आहे, पण त्याला विरघळवणाऱ्या आम्लाचा काही भाग आपण पुरवलेला असतो. बोअरचे पाणी पूर्वी इतके जड नव्हते अशी तक्रार जुन्या वस्त्यांतून ऐकू येते, तेव्हा ती नुसती आठवणींची सावली म्हणून सोडून देऊ नये.

सगळीच द्रव्ये अशी खाली जात नाहीत. साबणातला फॉस्फेट माती बराचसा धरून ठेवते. काळी माती पोटॅशियम आणि काही प्रमाणात सोडियम पकडते, आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. नायट्रेट आणि क्लोराइडला मात्र ती अडवत नाही. हवा नसलेल्या चिकट थरात जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. तिथे नायट्रेट घटते आणि क्लोराइड उरते. म्हणून एकट्या नायट्रेटचा आकडा कमी दिसला तरी पाण्यात सांडपाणी शिरलेच नाही, असे म्हणता येत नाही.

नदीकाठचे शहर आणि पठारावरचे शहर

खडक तोच असला तरी मीठ बाहेर जाण्याच्या वाटा दोन्ही शहरांत वेगळ्या आहेत.

नांदेड गोदावरीकाठी आहे. उत्तरेला आसना नदी आहे आणि शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय. नदीलगत गाळाचा पट्टा आहे आणि त्यातले पाणी नदीशी देवाणघेवाण करते. पूर आला की नदी विहिरींना पाणी देते, उन्हाळ्यात विहिरींकडचे पाणी नदीकडे ओघळते. शहराचे मीठ त्यामुळे काही अंशी वाहून जाते. नाल्यांचे सांडपाणीही नदीकडेच जाते आणि घाटांवर त्याचा त्रास सगळे पाहतात. 2008 च्या शीख समाजाच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरात रस्ते, घाट आणि सोयींवर मोठा खर्च झाला. पण नदीचे प्रदूषण आणि भूजलाचे प्रदूषण हे दोन वेगळे विषय मानण्याची सवय कायम राहिली. नदीकाठच्या बोअरने जोरात उपसा केला की प्रवाह उलटतो आणि नदीतले पाणी जमिनीकडे खेचले जाते. नाला नदीत सोडला म्हणून त्यातली घाण शहरातून गेलीच, असे होत नाही.

लातूरला ही सोय नाही. शहर बालाघाटच्या पठारावर आहे आणि मांजरा शहराबाहेरून, काही किलोमीटर अंतरावरून वाहते. पिण्याचे पाणी मांजरा प्रकल्पातून, धनेगावहून आणावे लागते. पाणी आत येण्याची वाट लांबची आणि मीठ बाहेर जाण्याची वाट अरुंद. वस्तीखालच्या मुरमात आणि भेगांत ते जास्त काळ रेंगाळते.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा प्रकल्प कोरडा पडला. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, आणि पुढे ती पन्नास वाघिणींची झाली. पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदीचे आदेश काढावे लागले होते. त्या महिन्यांत चर्चा झाली ती लिटरांची. पण शहर टँकरवर आणि बोअरवर जगत होते, म्हणजे स्वतःच्याच भूजलावर. त्या पाण्यात काय आहे हा प्रश्न मागे पडला आणि तहानेच्या वेळी तो मागे पडणारच. पुढच्या पावसात धरण भरले, मांजरेचे पात्र लोकसहभागातून खोल करण्याचे काम गाजले. भूजलाच्या गुणवत्तेवर मात्र तितक्या जोमाने कुणी बोलले नाही.

खोल गेले म्हणजे सुटले?

वरचे पाणी खराब झाले तर खोल जावे, अशी समजूत आहे. बोअर मारताना केसिंग पाइप मुरमापुरता बसवतात. पाइप आणि खडक यांच्यामधली फट नीट बुजवली नाही तर वरचे दूषित पाणी त्याच छिद्राच्या कडेने खाली उतरते. बोअरमध्ये पातळी खोल गेली की वरच्या भेगांतले पाणी आपोआप खाली ओढले जाते. अशा शेकडो छिद्रांनी उथळ पाणी आणि खोल पाणी एकमेकांना जोडून टाकले आहे. बंद पडलेली बोअर उघडी ठेवली किंवा तिच्यात सांडपाणी सोडले, तर वरच्या मातीची गाळणीच टळते.

खोल पाण्याचे स्वतःचेही रसायन असते. खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात सोडियम वाढते आणि कॅल्शियम कमी होते. कॅल्शियम कमी असले की फ्लोराइड विरघळून राहायला मोकळीक मिळते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे काळा खडक संपून ग्रॅनाइट वर येतो, आणि किनवटकडच्या भागात जास्त फ्लोराइडने दात-हाडांचे आजार होतात हे जुनेच दुखणे आहे. फ्लोराइड हा खडकाचा गुण आहे आणि नायट्रेट वस्तीचा. लोक दोन्हींना ‘खराब पाणी’ म्हणतात, उपाय मात्र वेगळे आहेत. फ्लोराइडसाठी स्रोत बदलावा लागतो, नायट्रेटसाठी वस्तीची सांडपाण्याची व्यवस्था.

उपायातून आलेले मीठ

शहराने स्वतःपुरता तोडगा काढला आहे. गल्लोगल्ली आरओ प्लांट आहेत आणि घराघरांत थंड पाण्याचे जार येतात. शिकवणीसाठी लातूरला आलेल्या मुलांच्या वसतिगृहांत तर जारशिवाय चालत नाही. आरओ नायट्रेट आणि मीठ दोन्ही काढतो, यात शंका नाही. पण काढलेले मीठ नाहीसे होत नाही. घरगुती यंत्रात आत गेलेल्या पाण्याचा मोठा भाग दाट खारट होऊन मोरीत जातो. जार भरणारा प्लांट बोअरवर चालत असेल आणि त्याचे टाकाऊ पाणी शेजारीच मुरत असेल, तर तो त्याच भूजलाला अधिक खारट करत राहतो. जड पाणी मऊ करणारी सॉफ्टनर यंत्रे मिठाने धुवावी लागतात, आणि ते मीठही अखेर गटारातच जाते. थंड देशांत रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने शहरी भूजल खारट होत चालले आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तरी यंत्रांच्या रूपाने तसाच एक स्रोत आपण उभा केला आहे.

काही समजुती थेट घातक आहेत. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जंतू मारते, नायट्रेटला हात लावत नाही. पाणी उकळले तर वाफ जाते आणि नायट्रेट उलट दाट होते. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात असे पाणी गेले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडू शकते. बाजारात मिळणारा टीडीएस मीटर एकूण क्षारांचा आकडा दाखवतो. ते क्षार चुन्याचे की मैल्याचे, हे त्याला कळत नाही.

अभ्यास कुठवर आला

नांदेडला 1994 साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तिथल्या भूशास्त्र संकुलातून नांदेड तालुक्यातल्या भूजलाच्या रसायनावर, पिण्यासाठी व सिंचनासाठी त्याच्या योग्यतेवर सातत्याने काम झाले आहे. सिंचनयोग्यतेचा अंदाज बांधण्यासाठी कृत्रिम चेतापेशी-जाल वापरणारा निबंधही तिथून 2016 मध्ये आला. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. केंद्रीय मंडळाचे जाळे वेगळे आहे.

अडचण मोजमापाच्या एककाची आहे. पाणलोट, तालुका, जिल्हा ही एकके शेती आणि ग्रामीण पाणीपुरवठा डोळ्यांसमोर ठेवून आली. शहर हे स्वतंत्र एकक म्हणून त्यात बसत नाही. अशा अभ्यासांत पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा नमुने घेतात आणि पाण्याचा दर्जा एका निर्देशांकात मांडतात. पण एका आकड्यात खडकाचा चुना आणि माणसाचा मैला एकत्र मिसळून जातात. पावसाळ्यात वरच्या मातीतला साचलेला नायट्रेट धुऊन खाली येतो आणि उन्हाळ्यात तेच पाणी दाट होते. एका वर्षाच्या दोन नमुन्यांनी हा बदल पकडता येत नाही. खत आणि मैला यांतला फरक ओळखायला नायट्रोजनची समस्थानिके किंवा क्लोराइड-ब्रोमाइडचे गुणोत्तर उपयोगी पडते. पण त्याआधी स्वस्त गोष्टी सुरू करता येतात. दोन्ही शहरांत जुन्या वस्तीतल्या आणि नव्या वसाहतींतल्या काही ठरावीक बोअर निवडाव्यात. त्यांची वाहकता, क्लोराइड, नायट्रेट आणि पोटॅशियम वर्षातून चारदा, दहा वर्षे, त्याच पद्धतीने मोजावे आणि प्रभागवार जाहीर करावे. यासाठी विद्यापीठाची प्रयोगशाळा पुरेशी आहे.

मग करायचे काय

महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा आहे आणि 2014 पासून लागू आहे. त्यात गुणवत्तेची कलमे असली तरी चर्चा होते ती शेती-उद्योगाच्या विहिरींसाठी घातलेल्या 60 मीटरच्या बंधनाची. शहरांसाठी प्रश्न खोलीइतकाच तोंडाचाही आहे: प्रत्येक बोअरचे केसिंग सीलबंद आहे का, जुनी बोअर बुजवली आहे का, शोषखड्डा आणि बोअर यांत अंतर किती. बांधकाम परवान्याच्या कागदावर या तीन ओळी असल्या तर पुढचे बरेच टळेल.

पाऊसपाणी जिरवण्याच्या मोहिमेतही फरक करावा लागेल. छताचे पाणी बोअरमध्ये गेले तर मीठ पातळ होते. रस्त्याचे पाणी त्याच बोअरमध्ये सोडले तर वंगण, मैला आणि धूळ सोबत जातात. कचरा डेपोंचा झिरपाही याच हिशेबात धरला पाहिजे.

सर्वांत मोठे काम गटाराचे आहे. शोषखड्डे उपसणाऱ्या गाड्या तो मैला नेऊन कुठे ओततात याची नोंद ठेवणे, भुयारी गटाराच्या जोडण्या पूर्ण करणे आणि त्यांची गळती शोधणे ही कामे पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात कुणी मोजत नाही. पण लातूरसारख्या शहरात सांडपाणी हाच भूजलाचा एक मोठा पुरवठादार आहे. नवी जलवाहिनी टाकून येणारे पाणी वाढले आणि जाणारे पाणी तसेच मुरत राहिले, तर शहराखालचा साठा वाढेल आणि त्यातला मैलाही.

मराठवाड्यात पुढचा दुष्काळ येणार, हे भाकीत करायला हवामानतज्ज्ञ लागत नाही. धरण आटेल तेव्हा नांदेडकर आणि लातूरकर पुन्हा आपापल्या बोअरकडे वळतील. त्या दिवशी बोअरला पाणी लागेल का हे पावसावर ठरेल. ते पाणी पिण्यालायक असेल का, हे आज बांधल्या जाणाऱ्या संडासांवर, गटारांवर आणि केसिंगच्या फटींवर ठरते आहे, आणि ते निर्णय पूर्णपणे आपल्या हातातले आहेत.